समोर बसलेल्याचं नाव

"आजोबा, आता गाऊ नका. मी बोट खाली केलं की मग गा."

काचेपलीकडे रविराजचं बोट वर गेलेलं साहेबरावांना दिसत होतं, आणि त्याचा आवाज कानांवर चढवलेल्या दोन काळ्या वाट्यांतून सरळ टाळूत उतरत होता. बारामतीतल्या त्या खोलीच्या भिंतींना करड्या रंगाचा खळगे-खळगे पडलेला स्पंज चिकटवलेला होता. दार लावलं की आत अशी शांतता पडे, की माणसाला सकाळी खाल्लेली भाकरी पोटात कूस बदलताना ऐकू यावी. साहेबरावांना आली.

"पोरा, म्होरं कुणी बसंल का?"

"कुठं म्होरं?"

"हितं. माझ्या तोंडाम्होरं."

"आजोबा, आत फक्त तुम्ही आणि माइक. दुसरं माणूस बसलं की त्याचा श्वास येतो रेकॉर्डिंगमध्ये."

"मग मी गाऊ कुणाला?"

रविराजने शेजारी बसलेल्या राजनंदिनीकडे पाहिलं. ती कन्हेरीच्या ऊसवाल्या घरातली मुलगी, कॉलेजात शेवटच्या वर्षाला, आणि या सगळ्या उद्योगाची कर्ती. पदवीसाठी प्रत्येक गटाला एक गाण्याचा व्हिडिओ करायचा होता. बाकीच्या गटांनी प्रेमाची गाणी धरली. हिने साहेबराव पाटकऱ्यांना धरलं. तिच्या आजोबांच्या उसाला पाणी सोडणारा पाटबंधारे खात्याचा पाटकरी चाऱ्यांवरून फिरता-फिरता गायचा, आणि तो गायला लागला की पाणी जरा जास्त वेळ सुटायचं, अशी त्या घरात दंतकथाच होती.

दंतकथा तर साहेबरावांच्या कळस गावातही होत्या. साहेबरावांनी ऐन उमेदीत एकदा असा सूर लावला, की आकड्यावर चाललेले तीन पंप आपोआप बंद पडले आणि वायरमन पाया पडायला आला. यातलं निम्मं खोटं धरा; पण उरलेलं निम्मं खुद्द वायरमनच सांगतो.

राजनंदिनीने बटण दाबलं. "आजोबा, मला गा. मी इथं काचेमागं आहे ना."

साहेबराव हसले. "तुझं घर ह्या गाण्यात न्हाय, बाय."

खरी मेख तिथेच होती. ते गाणं एका विहिरीचं होतं. जुन्या गावात, भीमेच्या काठाला, यांच्या वस्तीचा पोहरा गावच्या आडावर चालत नसे. छप्पन साली वस्तीने दीक्षा घेतली आणि अठ्ठावन्न साली एकोणीस घरांनी स्वतःची विहीर खणायला काढली. दोन उन्हाळे खणली. पाणी लागलं त्या दिवशी साहेबरावांचे वडील गेणबा यांनी तिथल्या तिथे गाणं जुळवलं. शेवटच्या कडव्यात एकोणीस घरांची नावं, प्रत्येक घराचं एक. त्याला एक रीत होती. गाणाऱ्याच्या समोर ज्या घरातलं माणूस बसलं असेल, त्या घराचं नाव पहिलं, आणि मग तिथून ओळीने पुढे. त्यामुळे ते गाणं दोन वेळा सारखं कधी कुणी ऐकलंच नाही. पुढे उजनी धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं, विहीर गेली, एकोणीस घरं एकोणीस दिशांना गेली. गाणं साहेबरावांच्या तोंडात राहिलं.

"आणि नावांचं तेवढं," रविराज म्हणाला, "त्या कडव्यात आठ बसतात. आठ बीट, आठ नावं."

"एकोणीस हायती."

"पूर्ण गाणं साडेतीन मिनिटांत बसवायचंय, आजोबा. नियम आहे."

"उरलेल्या अकरांनी काय नुसती माती बघितली व्हय?"

राजनंदिनीने घड्याळाकडे पाहिलं. खोली तासाच्या बोलीवर घेतली होती. "आजोबा, उरलेलं आपण शूटिंगच्या वेळी बघू," ती म्हणाली.

साहेबरावांना ते पटलं. गायन पार्टीत उभा जन्म गेलेला माणूस. तिथे असंच असे. अर्धं गाणं संध्याकाळच्या बैठकीला, अर्धं सकाळच्या, आणि दोन्ही मिळून एक गाणं. ही एक बैठक, शूटिंग ही दुसरी. आठ इथे, अकरा तिथे.

रविराजचं बोट खाली आलं. समोर कुणीच नव्हतं, म्हणून रीतीप्रमाणे साहेबरावांनी स्वतःच्या घरापासून सुरुवात केली.

*कुणी मारली पहार, कुणी वाहिली पाटी,*
*पाणी लागलं एकोणीस उंबऱ्यांसाठी...*

गेणबा. झुंबर. कुशाबा. चौथं नाव जिभेच्या टोकावर आलं, ते त्यांनी गिळलं आणि पुढचं घेतलं.

गिळलेलं नाव दगडाबाईचं होतं. साहेबरावांच्या सासूचं.

एकोणीस नावांत बाईचं नाव तेवढं एकच. नवरा मेलेला, म्हणून घर तिच्या नावाने. दोन वर्षांच्या तुळसाला बाभळीला झोळीत टांगून ती मातीच्या पाट्या वाहत होती, आणि पाणी लागायच्या महिनाभर आधी तिला पान लागलं; साप चावला आणि ती गेली. तिचा फोटो नाही. धरणाच्या यादीत तिचं नाव नाही, कारण यादी झाली तेव्हा घर तिच्या दिराच्या नावावर चढलेलं. तुळसा मोठी झाली, दोन दारं सोडून गेणबाच्या घरात सून म्हणून आली. आईची ओळख तिला एवढीच. गाण्यातलं एक नाव.

तुळसाबाईंचे दोन्ही कान आठ वर्षांपूर्वी तापात गेले. बारामतीच्या डॉक्टरांनी दिलेलं यंत्र त्यांनी दोन दिवस लावलं आणि "कानात मोहरी तडतडती" म्हणून कुंकवाच्या डबीशेजारी ठेवून दिलं. त्यानंतर त्या नवऱ्याचे ओठ वाचायला शिकल्या. आणि इतक्या शिकल्या, की साहेबराव मनात शिवी द्यायलाही बिचकत. साहेबरावांनीही सवय लावून घेतली. बायकोशी बोलायचं तर समोर बसून, तोंड उजेडाकडे करून. रोज सकाळच्या चहाला ते समोर बसून गाणं म्हणत, आणि पहिलं नाव तिच्या माहेरच्या घराचं, दगडाबाई, घेत.

"आईचं नाव घेनार न्हवं?" बारामतीला निघताना तुळसाबाईंनी विचारलं होतं. कान गेल्यापासून त्यांचा आवाज मोठा झाला होता, गल्लीला कळलं. "कागुदावर कुठंच न्हाय ती. पिच्चरात तरी यिऊ द्या."

"पयलं घेतो," साहेबराव म्हणाले होते.

स्टुडिओत ते चौथं आलं असतं. पण शूटिंगला तुळसाबाई समोर बसणार होत्या, आणि मग ते पहिलं येणार होतं. पहिला मान सोडून चौथा कोण घेईल? म्हणून गिळलं.

मेच्या अखेरीस उजनीचं पाणी खूप खाली गेलं आणि चिखलातून विहिरीचं तोंड वर आलं. राजनंदिनी त्याचीच वाट पाहत होती. तिच्याकडे एक वही होती. तिच्यात चौकोन आखून प्रत्येक चौकोनात चित्र काढलेलं. एका चौकोनात विहीर, एकात आभाळ, एकात डोक्याला फेटा आणि खांद्यावर घोंगडी घेतलेला, काडीसारखा एक म्हातारा.

"ह्यो कोण?" तुळसाबाईंनी वहीवर बोट ठेवलं.

"आजोबाच की!" राजनंदिनी ओठ मोठे करत म्हणाली.

"ह्यांनी जन्मात टोपी घातली न्हाय. साठ वरसं इस्त्रीचा पांढरा शर्ट घालत्यात. घोंगडं पांघरून ईर खनलीया व्हय आमी? मेमधी?"

"आजी, ते स्क्रीनवर छान दिसतं."

"मग तुज्या आज्याला घाल!"

घोंगडी परत ट्रॉलीत गेली.

ट्रॅक्टर कन्हेरीहून आला होता. ट्रॉलीत जनरेटर आणि माणसाएवढा स्पीकर. ऊन असं, की स्पीकरच्या सावलीत एक सरडा येऊन बसला आणि दिवसभर हलला नाही. शेवटी त्यालाही गाणं पाठ झालं म्हणतात. कॅमेऱ्यामागे अनुप होता. हडकुळा, कमी बोलणारा, डोळ्यांनी काम करणारा मुलगा. एडिटिंगही तोच करणार होता.

"आजोबा, आता तुमचंच गाणं स्पीकरवर लागेल," त्याने समजावलं. "तुम्ही नुसतं त्याच्यासोबत म्हणायचं."

"म्हनतो की."

"आवाज नाही काढला तरी चालेल."

"असं कसं? ती समोर बसलीया."

कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला, पालथ्या घमेल्यावर, पदर डोक्यावर घेऊन तुळसाबाई बसल्या होत्या. अनुप म्हणाला, "बसू द्या, फ्रेममध्ये येत नाहीत."

साहेबराव विहिरीच्या काठावर उभे राहिले. काठाचे दगड चिखलाने काळे झाले होते, पण जागा तीच. चव्वेचाळीस वर्षं पाण्याखाली राहून तिने कूस बदलली नव्हती. त्यांची नोकरीही पाण्याचीच. आयुष्यभर खात्याची दारं उघडली आणि बंद केली. पाणी यायचं वरून, हुकूम यायचा वरून. साहेबरावांच्या हातात फक्त चावी. पाटाच्या शेपटाकडचे शेतकरी शिव्या घालत यायचे आणि साहेबराव म्हणायचे, "आपल्या हातात काय हाय?" हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं, की निवृत्तीच्या सत्काराला साहेबांनी भाषणात तेच वापरलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

स्पीकर धडधडला. साहेबरावांचाच आवाज त्यांच्या अंगावर धावून आला. पहिली दोन कडवी ते त्याच्याबरोबर गेले. मग नावांचं कडवं आलं. स्पीकरमधल्या साहेबरावांनी गेणबा म्हटलं, आणि काठावरच्या साहेबरावांनी तुळसाबाईंकडे पाहून, छाती भरून म्हटलं, दगडाबाई.

कुणाला ऐकू गेलं नाही. स्पीकरपुढे तिथे बैल हंबरला असता तरी ऐकू गेलं नसतं. पण तुळसाबाईंनी पाहिलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

मग साहेबराव ओळीने पुढे गेले. स्टुडिओत राहिलेली नावं एकेक करून घेत. आठ बीट संपले तेव्हा तीन उरली. ती त्यांनी दुसऱ्या टेकला घेतली आणि जागा उरली म्हणून पुन्हा पहिल्यापासून लावली. तिसरा टेक वरून, ड्रोनचा. तेव्हा साहेबरावांनी वर बघून एक-दोन नावं ड्रोनलाही ऐकवली.

"आजोबा, एक नंबर!" अनुप म्हणाला. सबंध दिवसात तो एवढंच बोलला. "डोळे काय आलेत तुमचे!"

ट्रॉलीत बसून परत येताना तुळसाबाई मोठ्याने म्हणाल्या, "झालं. आता आलीच बगा आई पिच्चरात." ट्रॅक्टरवाल्याने मान डोलावली.

जुलैच्या मधल्या आठवड्यात अनुपचा फोन आला. "आजोबा, कॉलेजात येऊन जाता का जरा? एक अडचण आहे."

एडिटिंगच्या खोलीत एवढा गारठा होता, की साहेबरावांना ती घोंगडी आठवली. अनुपने खुर्ची दिली, राजनंदिनीने पाणी दिलं. मग अनुपने पडद्यावर साहेबरावांचं तोंड आणलं. खिडकीएवढं तोंड. साहेबरावांना स्वतःचा राहिलेला दाढीचा खुंट दिसला आणि ते खजील झाले.

"आजोबा, इथं आवाज 'गेणबा' म्हणतोय," अनुप म्हणाला. "तुमचं तोंड काय म्हणतंय?"

"दगडाबाई."

"आणि इथं आवाज 'झुंबर'."

"तिथं भीमा. तेचं घर आठात आलं नव्हतं न्हवं."

राजनंदिनीने कपाळावर हात मारला नाही. तिने तो हळूच ठेवला. "आजोबा, शूटिंगला आवाज घेतलाच नव्हता आपण. नुसतं चित्र. आवाज स्टुडिओतला."

"म्हंजे?"

"म्हणजे तिथं तुम्ही जे बोललात ते कुठंच नाही."

साहेबरावांनी पडद्याकडे पाहिलं. तोंड तिथेच उघडं थांबलं होतं. "मंग तितं मी काय केलं दिवसभर?"

अनुपने पडद्यावरून ते तोंड काढलं.

"परत जाऊ इहिरीवर," ते म्हणाले. "आठच्या आठ म्हनतो. तुमी म्हनाल तसं."

"उजनी भरायला लागली, प्लसमध्ये आली, आजोबा. विहिरीवर वीस फूट पाणी आहे."

"मग आवाज परत घ्या. त्या काचंच्या खोलीत बसवा मला."

"रविराजला पुण्यात नोकरी लागली. त्याचं सगळं कॉम्प्युटरसकट तिकडं गेलं. आणि परवा जमा करायचंय."

"हितं म्हनतो. आत्ता." आणि कुणी नको म्हणायच्या आत त्यांनी म्हटलं. एकच नाव. अनुपने मोबाइल पुढे धरला. त्याने ते गाण्यात बसवूनही पाहिलं. तासभर खटपट केली. गाण्यातला आवाज उघड्या रानातल्यासारखा होता आणि हे एक नाव शेजारच्या घरातून भांडण ऐकू यावं तसं वाजत होतं. तिघांनी तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा साहेबरावांनीच मान हलवली. गाण्यातलं त्यांना कळत होतं, तीच पंचाईत.

"नावांच्या जागी मी हात दाखवतो तुमचे," अनुप म्हणाला. "पाठमोरे. आणि मार्चमध्ये भिगवणला टिपलेले पक्षी आहेत. गुलाबी. ते लावतो."

"पक्ष्यांनी काय खनलं?"

राजनंदिनी म्हणाली, "आजोबा, आमच्या हातात असतं ना..." आणि थांबली. साहेबरावांना ते वाक्य पुढे पाठ होतं. त्यांनी तिला पुढे बोलायला लावलं नाही.

वडापच्या जीपमध्ये चौदा माणसांत चेपून ते घरी आले. तुळसाबाई दारातच होत्या.

"दिसलं?"

साहेबराव त्यांच्यासमोर उभे राहिले, तोंड उजेडाकडे करून. खोटं बोलायचं तर निदान नीट दिसेल असं बोलावं.

"दिसलं," ते म्हणाले.

कार्यक्रम ऑगस्टमध्ये झाला. कॉलेजचा हॉल, लाल खुर्च्या, पुढच्या रांगेत पुण्याहून आलेले पाहुणे परीक्षक. राजनंदिनीने साहेबराव आणि तुळसाबाईंना तिसऱ्या रांगेत बसवलं. तुळसाबाईंनी लेकाने घेतलेलं निळं लुगडं नेसलं होतं आणि चष्मा पदराने इतका पुसला होता, की काच झिजायची तेवढी राहिली.

साहेबरावांनी आठ दिवस एकच गोष्ट घोकली होती. पक्षी आले की तिला काय सांगायचं? यंत्र बिघडलं म्हणावं? वेळ संपली म्हणावं? नाव मोठं होतं, पडद्यावर मावलं नाही, म्हणावं? यातलं एकही त्यांच्या स्वतःच्या तोंडाला पटत नव्हतं, आणि त्या तोंडाकडेच ती बघणार होती.

अंधार झाला. पडद्यावर उजनीचं पाणी आलं, चिखल आला, विहिरीचं तोंड आलं. मुलांनी शिट्ट्या मारल्या. साहेबरावांचा आवाज हॉलभर पसरला, आणि खरं सांगायचं तर पंखे जरा हळू झाले. पहिलं कडवं, दुसरं कडवं. *पाणी लागलं एकोणीस उंबऱ्यांसाठी...* साहेबरावांनी डोळे मिटले. मग मिटून ठेवता येईनात, म्हणून उघडले.

पक्षी नव्हते.

पडद्यावर त्यांचं स्वतःचं तोंड होतं, भिंतीएवढं. डोळे कॅमेऱ्याच्या डावीकडे, पालथ्या घमेल्यावर बसलेल्या कुणाकडे तरी लागलेले. हॉलमध्ये आवाज घुमला, "गेणबा!" आणि पडद्यावरचे ओठ म्हणाले, दगडाबाई.

मागून कुणीतरी फिस्कन हसलं. "डबिंग बघ, डबिंग!"

पुढच्या नावाला हात आले, मग पाठ आली, मग पक्षी आले, ढिगाने आले. पण तुळसाबाई आता पडद्याकडे पाहत नव्हत्या. त्यांनी साहेबरावांचं मनगट धरलं होतं. आपला आवाज केवढा जातो हे ठाऊक नसल्यामुळे त्या साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "घेतलं बगा! पयलं घेतलं!"

साहेबरावांनी मान हलवली. आवाज बापाचं नाव घेत होता आणि तोंड सासूचं. दोन्ही नावं कळलेले त्या रांगेत ते एकटेच होते.

परीक्षक बोलायला उभे राहिले. कॅमेरा उत्तम, विषय वेगळा, वृद्ध कलाकाराचे भाव अप्रतिम. "फक्त नावांच्या कडव्यात पहिल्याच शब्दाला ओठ आणि आवाज जुळत नाहीत. एवढी ढोबळ चूक टाळता आली असती." दुसरा नंबर.

बाहेर चहाजवळ राजनंदिनी धावत आली. मागे अनुप, खांदे पाडून. "आजोबा, सॉरी. हा म्हणतो, त्या शॉटमध्ये तुमचे डोळे इतके भारी होते, की त्याला तो काढवेना. पण काळजी करू नका, नेटवर टाकायच्या आधी दुरुस्त करतो. आजच करतो."

"काय म्हनती पोरगी?" तुळसाबाईंनी विचारलं. राजनंदिनी भरभर बोलते. तिचे ओठ त्यांना वाचता येत नसत.

"बक्षीस मिळालं म्हनती," साहेबराव म्हणाले.

आणि मग त्यांना म्हणायचं होतं, की पोरी, ती चूक राहू दे. सगळ्या गाण्यात तेवढीच एक जागा बरोबर हाय. वाक्य तयार होतं. पण तुळसाबाई समोर उभ्या होत्या, चेहरा वर करून, त्यांच्या ओठांकडे बघत. ते वाक्य म्हणजे सगळं सांगणं झालं. गिळलेलं नाव, चुकलेली बैठक, पाण्याखाली गेलेला आवाज. पाठ फिरवून बोलता आलं असतं. दोन पावलं बाजूला जाऊन, तोंड भिंतीकडे करून. आठ वर्षांत त्यांनी तिच्याकडे पाठ करून एक शब्द उच्चारला नव्हता. तसं केलं असतं तर ओठ न दिसताही तिने सगळं वाचलं असतं.

"बरं," ते राजनंदिनीला म्हणाले.

अनुप त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला काहीतरी कळल्यासारखं वाटलं. पण डोळ्यांनी काम करणाऱ्या माणसाला सगळंच विचारता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायच्या निमित्ताने साहेबराव पाटावर गेले आणि तिथून त्यांनी फोन लावला. "अनुप, ती चूक..."

"झाली, आजोबा!" पलीकडून आवाज आला. "रात्रीच दुरुस्त केली. नेटवर पण गेला. आता एकदम परफेक्ट आहे. पक्षी लावलेत."

पाट वाहत होता. वरच्या दाराला खात्याचं कुलूप होतं.

"चांगलं केलंस, बाळा," साहेबराव म्हणाले.

तो व्हिडिओ आजपर्यंत दोनशे सोळा लोकांनी पाहिला असं त्याच्याखाली लिहून येतं. त्यातले दोनशे म्हणजे एकट्या तुळसाबाई. लेकाने जुना मोबाइल दिला होता. त्याच्यात कुठे बोट ठेवायचं ते त्या एका दुपारात शिकल्या.

पहिल्यांदा लावला तेव्हा त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला. परत लावला. तिसऱ्यांदा मध्येच थांबल्या आणि वर पाहिलं.

"अवो, आई कुठं गेली?"

साहेबराव अंगणात दाढी करत होते. त्यांनी साबण पुसला, आत आले, आणि बायकोच्या समोर मांडी घालून बसले. उजेड दारातून येत होता. त्यांनी तोंड तिकडे केलं.

"लाव परत," ते म्हणाले. "मी हाय समोर."

तुळसाबाईंनी लावलं. मोबाइल त्यांच्या हातात, त्याचं तोंड त्यांच्याकडे; साहेबरावांना पडदा दिसत नव्हता, नुसतं ऐकू येत होतं. पाणी, पहार, पाटी. मग दुसरं कडवं. तुळसाबाईंच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत बारीक गुलाबी काहीतरी उडालं. मोबाइलमधला साहेबरावांचा आवाज म्हणाला, "गेणबा," आणि त्याच क्षणी साहेबरावांनी, आवाज न काढता, ओठ हलवले.

तुळसाबाई मोबाइलच्या वरून बघत होत्या.

"आली," त्या म्हणाल्या.

आता रोज सकाळी चहा झाला की त्या मोबाइल उघडतात. साहेबराव कुठेही असले तरी येऊन समोर बसतात आणि दुसरं कडवं संपत आलं की पाठ सरळ करतात.